अथेन्सचं खळं

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी रंगभूमीच्या इतिहासाचा पेपर घेतला तो निव्वळ एसटीचं वेळापत्रक बघून. आठवडाभर मी रत्नागिरीत होस्टेलवर, शनिवार-रविवार घरी. सोमवारी तो तास अकराचा होता आणि आमच्या गावची गाडी रत्नागिरीच्या स्टँडवर साडेदहाला लागायची. दुसरा कुठलाही विषय घेतला असता तर पहिला तास दर सोमवारी बुडाला असता. युरोपच्या नाटकांवरचं माझं प्रेम हे असं एसटीने जुळवलेलं. पण एकदा जुळलं आणि त्याने मला वेड लावलं. पंचाऐंशी-शहाऐंशीची गोष्ट आहे, आज साठी आली तरी ते वेड उतरलेलं नाही.

शिकवणारे सर नवीनच लागले होते, घाटावरचे. मासे खाताना काट्याला भितात अशी त्यांची ख्याती होती. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर डोंगराची उतरण काढली, तिच्यावर अर्ध्या चंद्रासारख्या पायऱ्या काढल्या आणि पायथ्याशी एक गोल. म्हणाले, हे अथेन्स. लोक पायऱ्यांवर बसत, आणि या गोलात कोरस, म्हणजे बारा-पंधरा जणांचा ताफा, नाचायचा आणि गायचा. जाणकारांचा एक अंदाज असा की हा गोल मुळात धान्य मळायची जागा असावी. सुगी संपली की तिथेच लोक देवासाठी नाचत.

मी ताडकन उभी राहिले. "सर, मग हे आमचं खळं."

वर्ग हसला. पुढच्या बाकांवर शहरातल्या मुली बसायच्या, त्या तर वळून वळून हसल्या. माझं डोकं तेव्हाही लवकर तापायचं. मी म्हटलं, हसायला काय झालं, घरी भात खाता ना, तो खळ्यातनंच येतो. सर मात्र हसले नाहीत. खडू हातात घेऊन ते टेबलाच्या कडेला टेकले आणि तुमच्या खळ्यात काय होतं ते सांगा म्हणाले.

मग काय, माझी जीभ सुटली. शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते, ती खळ्यात ठेवतात, आणि तिच्यासमोर नमन होतं, आमचं नाच-गाण्याचं नाटक. मागे खेळे, म्हणजे नमनातली गाणारी माणसं, रांगेत उभे, झांजा आणि मृदंग घेऊन. एकाने ओळ म्हणायची, रांगेने ती उचलायची. गवळणी होतात त्या पुरुषच. आणि सगळ्यांत शेवटी येतो संकासूर.

सरांनी विचारलं, "देवाला समोर बसवता?"

"मग कोणाला बसवणार? देवासाठीच तर असतं सगळं."

सर हळू आवाजात म्हणाले की अथेन्समध्येही देवाची मूर्ती मिरवणुकीने आणून थिएटरात बसवत, त्याने नाटक बघावं म्हणून. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. कुठे ते अथेन्स, कुठे आमची वाडी, आणि देव मात्र दोन्हीकडे पहिल्या रांगेत. घरी जाऊन कधी एकदा सांगते असं मला झालं.

सांगायचं होतं ते काकाला. माझ्या बापाचा थोरला भाऊ. आमचं घर एकच होतं, खळं एकच होतं, फक्त चुली दोन. गावात संकासुराचा मान आमच्या घराचा, आणि तीस वर्षं तो काका घेत होता. संकासुराचं तोंड म्हणजे काळ्या कापडाचा बुरखा. त्याला पांढऱ्या दोऱ्याचे दात, लालभडक लोंबती जीभ, वर टोकदार टोपी. अंगात काळा झगा, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात सुंभाचा जाड फटका. असुर म्हणायचा, पण आमच्याकडे तो सगळ्यांची टर उडवायला येतो. वर्षभरात कोणी बांध कोरला, कोणी सासूला उपाशी ठेवलं, सरपंचाने काय खाल्लं, सगळं तो भर खळ्यात काढतो आणि त्याच्यावर कोणी रागवायचं नाही असा रिवाज. लिहिलेलं काही नसतं. तोंड चढवलं की काकाला सुचायचं, उतरवलं की तोच काका दिवसभरात चार शब्द बोलायचा नाही.

त्याचे गुडघे आता दुखत होते. दर शिमग्याला म्हणायचा, यंदाचं शेवटचं, पुढल्या साली पोराच्या हातात देतो. पोरगा म्हणजे आमचा दादा. मुंबईला एका कंपनीत होता, गावच्या मुंबईकर मंडळाचा सेक्रेटरी होता, आणि त्याला या सोंगाची मनापासून लाज वाटायची. चाळीत कोणीतरी त्याला संकासुराचा पोर म्हणून हाक मारली होती, ती त्याच्या जिव्हारी लागली होती. बापलेक याबद्दल एकमेकांशी कधी बोलले नाहीत. काका दर वर्षी तोंड धुवून, वाळवून, पोटमाळ्यावर ठेवायचा आणि वाट बघायचा.

शेतीच्या दिवसांत काका हाती लागेना, शेवटी दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला पडवीत गाठलं आणि अख्खा ग्रीस ओतला. तो सुंभ वळत ऐकत होता. त्याच्या लेखी अथेन्स म्हणजे खाडीपलीकडचं एखादं गाव. विचारायचा, पालखी कोण उचलतं, मधल्या जागेचा मान कोणाचा, खर्च कोण करतं. मला कुठलं माहीत? सुट्टी संपल्यावर मी सरांना विचारलं, सरांनी पुस्तकं धुंडाळली, आणि दर शनिवारी मी उत्तर घेऊन घरी. मधली जागा त्या देवाच्या पुजाऱ्याची. कोरसचा खर्च गावातला एखादा पैसेवाला उचलायचा. नाटकांची स्पर्धा असायची, तिचे परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडायचे. काका मान हलवायचा. "म्हंजे गुरवाला मधली जागा. बरोबर हाय त्यांचं," म्हणायचा.

मी सांगितलं, आधी नुसता ताफा होता, मग एक जण त्यातून बाहेर आला आणि ताफ्याशी बोलायला लागला. तो पहिला नट. पुढे दोन झाले, मग तीन. सगळे तोंडं चढवून. काकाने सुंभ खाली ठेवला आणि विचारलं, तो पहिला बाहेर आला तेव्हा मागचे काय बोलले. मी हे सरांना विचारलं तर त्यांनी पुन्हा पुस्तकं चाळली. ते कुठेच लिहिलेलं नाही म्हणाले.

बायका होत्या काय, असंही काकाने विचारलं. नव्हत्या, पुरुषच बायकांची सोंगं घ्यायचे. तो खूश झाला. मला मात्र ते खुपत होतं, कारण लहानपणापासून मला संकासूर व्हायचं होतं, आणि आमच्या घरात ते बोलायचीसुद्धा सोय नव्हती. म्हणून इटलीपर्यंत पोचल्यावर मी मुद्दाम सांगितलं, की तिथे तोंडं चढवून नाटक करणाऱ्या टोळ्या होत्या, काही लिहून न घेता आयत्या वेळी सुचेल ते बोलायच्या, थेट तुझ्यासारख्या, आणि त्यांच्यात बायकाही आल्या.

"ग्रीसवाल्यांच्या मागनं किती वर्सांनी?"

"दोन हजार वर्षांनी, काका."

"मग थांब थोडी," तो म्हणाला आणि पुन्हा सुंभ वळायला लागला.

त्याआधी रोमनांचं त्याला फारसं कौतुक वाटलं नव्हतं. त्यांनी लाकडी रंगमंचांच्या जागी मोठमोठी दगडी बांधकामं केली, आणि त्यांचा पडदा वर न जाता सुरुवातीला खाली खाचेत पडायचा, हे ऐकून तो नुसता हुं म्हणाला. पण मध्ययुगात आल्यावर त्याने जवळ सरकून ऐकलं. चर्चने नाटक बंद पाडलं आणि मग शेकडो वर्षांनी चर्चच्याच आत, सणाच्या सकाळी, चार वाक्यांत ते पुन्हा जन्मलं. तिथून रस्त्यावर आलं. काही गावांत गाड्यांवर नाटकं व्हायची, लोक आपापल्या जागी उभे आणि गाड्या फिरत्या. एकेका धंदेवाल्यांकडे एकेक गोष्ट. नावा बांधणाऱ्यांनी जलप्रलयाची करायची, पाव भाजणाऱ्यांनी येशूच्या शेवटच्या जेवणाची. "म्हंजे मान वाटलेले," काका म्हणाला. आणि त्यांतले सैतान काळे कपडे घालून, शेपट्या लावून, धुरातून उड्या मारत लोकांत शिरायचे आणि पोरांना घाबरवायचे, हे सांगितलं तेव्हा त्याने माझ्या पाठीत थाप मारली. म्हणाला, ते माझे भाऊबंद.

हे सगळं मी सरांना परत जाऊन सांगायची. एक दिवस सर म्हणाले, मला तुमच्या काकांना बघायचंय. शिमग्यात ज्या दिवशी पालखी आमच्या खळ्यात येते तो दिवस ठरला. मला तर रात्र रात्र झोप लागेना. मी घरी पत्र टाकलं, मुंबईला दादालाही टाकलं. ग्रीस, रोम, इटली सगळं तोंडपाठ असलेले आमचे सर आपला संकासूर बघायला येतायत, नीट तयारी ठेवा, असं चार चार वेळा लिहिलं.

इथेच घोळ झाला. दादाने पत्र वाचलं आणि त्याने आपल्या अकलेने अर्थ लावला, की मोठी माणसं सभ्यपणाने असं म्हणतात. एवढा शिकलेला माणूस काय ते काळं सोंग बघायला येईल? आपणच उलट लाज राखायला पाहिजे. मंडळाची मीटिंग झाली. नमन यंदा बंद. सरांच्या सन्मानार्थ तीन अंकी सामाजिक नाटक, पडदे चिपळूणहून भाड्याने. पाहुण्याचा मान ठेवायचा म्हणून पाहुणा जे बघायला येतोय तेच नेमकं दडवून ठेवायचं, हे आमच्याच लोकांना सुचू शकतं. आणि कोणाला त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही.

मला हे कळलं ते सरांना घेऊन बाराच्या गाडीतून उतरल्यावर. दादा इस्त्रीचा शर्ट, गॉगल, छातीवर बिल्ला लावून हार घेऊन उभा. घरी आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. सर जेवता जेवता म्हणाले, उद्या सकाळी परीक्षेची ड्यूटी आहे, तेव्हा मला साडेपाचच्या गाडीने परत गेलंच पाहिजे. दादाच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. नाटक रात्री दहाचं होतं. पाहुणा दिवसाउजेडी परत जाईल हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. नाटक म्हणजे रात्रीच. सर बिचारे ग्रीक हिशेबाने आले होते, तिकडे सगळं उन्हातच व्हायचं.

काका जेवायला पंगतीत नव्हता. मी आईकडे बघितलं, तिने डोळ्यांनीच पोटमाळा दाखवला. तोंड यंदा खाली उतरलंच नव्हतं.

दादाने निदान रंगमंच तरी दाखवावा म्हणून सरांना शाळेच्या पटांगणात नेलं. बांबूचा मांडव, आणि मागे पडदा. त्यावर एक रस्ता रंगवलेला, दोन्ही बाजूंना बंगले, दिव्यांचे खांब, सगळं लांब जाऊन एका ठिपक्यात मिळालेलं. रात्री तो बहारदार दिसला असता, पण तीनच्या उन्हात त्याची ठिगळं मोजून घ्यावीत. समोर मधोमध सरांसाठी खुर्ची. सर बसले आणि एकदम खुलले. ही इटलीतली युक्ती, म्हणाले. तिथल्या चित्रकारांनी असा रस्ता पहिल्यांदा नाटकाच्या मागे उभा केला, आणि तो बरोबर दिसायचा फक्त एका खुर्चीवरून. ती खुर्ची तिथल्या राजाची. बाकीच्यांना घरं थोडी वाकडीच दिसायची. त्यांनी खुर्ची डावीकडे सरकवून दाखवली. झालं, अख्खी वाडी त्या खुर्चीवर एकेक करून बसायला लागली. सरपंच बसला, गुरव बसला, दोन म्हाताऱ्या बसल्या. खरंच की गो, कडेला घर मोडतंय, असं म्हणत सगळे हरखून गेले. मीसुद्धा बसले. दोन मिनिटं मी काकालाही विसरले, खोटं कशाला बोलू.

दादाचा ऊर भरून आला होता. तेवढ्यात सरांनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "बरं, संकासूर किती वाजता?"

 दादाने गॉगल काढला. म्हणाला, सर, ते आम्ही यंदापासून बंद केलंय, आपल्यासारख्यांसमोर बरं दिसत नाही ते. सरांचा चेहरा एवढासा झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण पिकवणाऱ्याच्याच पोराने पीक कुजवावं? चारचौघांत पोरीने मोठ्या भावाला बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. मी बोलले.

"सर पडदा बघायला आलेले नाहीत. पडदे रत्नागिरीत पण आहेत. तुझ्या बापाला बघायला आलेत ते."

आणि मी पळत सुटले. साडेतीन झाले होते. काका मागल्या दारी कुळीथ निवडत बसला होता, जसा काही शिमगा गावात नव्हताच. मी धापा टाकत म्हटलं, काका, ऊठ, तोंड काढ, सर थांबलेत. त्याने सुपातून मानही वर केली नाही.

"बोलावणं कुठं हाय?"

मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, अरे, दोन हजार वर्षांची गोष्ट बघायला माणूस आलाय आणि तू बोलावणं काय घेऊन बसलास. तो म्हणाला, ते तोंड मी माझ्या हौसेनं चढवत न्हाय. नारळ घेऊन दारात येतात तेव्हा चढवतो. त्याचं बरोबर होतं. खेळ्यांच्या म्होरक्याने नारळ घेऊन दारात यायचं, संकासुराला नावाने नव्हे तर देवाच्या शब्दाने बोलवायचं, हा रिवाज. त्याशिवाय घातलेलं ते तोंड म्हणजे नुसतं फडकं.

म्होरक्या म्हणजे मृदंगवाला आजा, काकापेक्षाही म्हातारा. त्याचं घर ओढ्यापलीकडे. मी ओढा कसा ओलांडला मला आठवत नाही, साडी घोट्यापर्यंत भिजली एवढं आठवतं. बघते तर आजा ओटीवर आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून बसलेला, आणि पुढ्यात नारळ. सकाळपासून तसाच बसला होता. म्हणाला, मंडळानं बंद केलंन, मी जाणार कुणाच्या हुकमानं? मी म्हटलं, आजा, मंडळाने देव बंद केलाय काय? पालखी आमच्या खळ्यात येऊन बसलीय. तिच्यासमोर कोणी नाचलं नाही तर ती काय पडदा बघत बसणार? आजा उठला. मी मृदंग उचलला, त्याने नारळ. वाटेत त्याने तीन घरांत नुसती हाक दिली आणि तिन्ही घरांतून झांजा बाहेर आल्या. कोणी माळ्यावर टाकल्याच नव्हत्या.

काकाच्या दारात आजाने नारळ पुढे धरला आणि देवाचं बोलावणं सांगितलं. काका उंबऱ्यात उभा. त्याने आजाच्या मागे बघितलं, माझ्या मागे बघितलं.

"पोरगा न्हाय आला?"

आजा म्हणाला, न्हाय. काकाने दाराला हात घातला. मला वाटलं आता लावून घेतो. मग त्याने नारळ घेतला, कपाळाला लावला आणि गोठ्याकडे गेला. सोंगं चढवायची जागा गोठाच. ग्रीकांचीही त्या गोलामागे एक खोपी असायची कपडे बदलायला, हे मी सरांना जाऊन सांगितलं तेव्हा आनंदाने माझा आवाज चिरकला होता.

पावणेपाच वाजले. खळ्यात पालखी, पालखीसमोर मोकळी जागा, तिच्यामागे खेळ्यांची रांग. शाळेच्या मांडवातून सगळा गाव आमच्या खळ्याकडे वळला होता. खळ्याच्या वरच्या अंगाला आमचे चार बांध चढत गेलेत, त्यांच्यावर माणसं बसली, एकाच्या वर एक. सर मधोमध उभे राहून एकदा बांधांकडे बघायचे, एकदा खळ्याकडे. त्यांना खुर्ची आणली तर त्यांनी ती गुरवाला दिली आणि स्वतः बांधावर बसले. दादा सगळ्यांच्या मागे, फणसाला टेकून उभा होता. बिल्ला अजून छातीवर.

मृदंग घुमला, गण झाला, गवळण घाईघाईत उरकली. आणि गोठ्यातून घुंगरं वाजली. काय सांगू, दर वर्षी बघितलेलं ते सोंग, पण त्या दिवशी मी पहिल्यांदाच बघितलं. उन्हात ते काळं तोंड चमकत होतं, जीभ हलत होती, आणि गुडघे दुखणारा माझा काका चार महिन्यांच्या वासरासारखा उधळत होता. पोरं किंचाळत पळाली. त्याने सुंभाचा फटका जमिनीवर आपटला आणि सुरुवात केली. सरपंचाची विहीर काढली. गुरवाच्या उधळलेल्या म्हशीचं काढलं. भर उन्हात दिवे लावून बसलेला एक पडदा काढला, तेव्हा बांध हसून हसून हलले. सरांपुढे जाऊन उभा राहिला आणि मान वाकडी करून म्हणाला, ह्यो पावना ग्रीसवरनं चालत निघाला, दोन हजार वर्सं लागली हितं पोचायला, पायाला फोड आले असतील, तेल आणा. सर डोळे पुसत हसत होते.

मग तो माझ्याकडे वळला. म्हणाला, ही आमची पोरगी शिकली, ग्रीसच्या खळ्यात किती मानसं नाचायची ती मोजून सांगते, घरचं खळं शेवटचं कधी सारवलंन तेवढं इचारा हिला. माझे कान लाल झाले. खरंच होतं ते. सारवायची आई, आणि मी आतल्या खोलीत नोट्स काढायची.

साडेपाचला खाली नाक्यावर गाडीचा हॉर्न वाजला. सर उठले नाहीत. दुसऱ्यांदा वाजला. मग कंडक्टरच हाका मारत वर आला, खळ्याच्या तोंडाशी पोचला आणि तिथेच हात कमरेवर ठेवून बघत राहिला. थोड्या वेळाने ड्रायव्हरही आला.

आणि काकाने ते काढलं, जे आधी कधी काढलं नव्हतं. तो एकाएकी थांबला. कपाळावर हात आडवा धरून इकडे तिकडे बघायला लागला. म्हणाला, माझा पोर हरवलाय, कुणी बगितलाव काय? लोक हसले. तो पहिल्या बांधावर चढला, एकेका पोराची हनुवटी वर करून बघायचा, न्हाय म्हणायचा, पुढे जायचा. दुसरा बांध. तिसरा बांध. गुडघ्यांना त्रास होत होता, मला दिसत होतं. हसणं कमी होत गेलं. तो फणसाशी पोचला आणि दादासमोर उभा राहिला. दादाचा चेहरा पांढराफटक. संकासुराने त्याला वरून खालपर्यंत बघितलं, बोटाने तो बिल्ला उचलून बघितला, आणि सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असा म्हणाला,

"ह्यो न्हाय. ह्यो मुंबयचा पावना."

कोणी हसलं नाही. संकासूर वळला आणि बांध उतरायला लागला. उतरताना त्याचा पाय जरा लचकला. कोणी हात दिला नाही, कारण संकासुराला हात देत नाहीत. खळ्यात येऊन तो रांगेकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याने ओळ म्हटली, खेळ्यांनी उचलायची ती नेहमीची ओळ. रांगेने उचलली. तेव्हाच मला रांगेच्या शेवटी एक आवाज जास्तीचा ऐकू आला. लहानपणी दादा त्याच जागी उभा राहायचा, सगळ्यांत धाकटा म्हणून शेवटी. आता तो इस्त्रीच्या शर्टात तिथेच उभा होता, शेजारच्याची एक झांज हातात घेतलेली, आणि गात होता. एक शब्द विसरला नव्हता. एकसुद्धा नाही. बिल्ला कुठे टाकला कोणास ठाऊक.

संकासूर वळला नाही. त्याने दुसरी ओळ म्हटली, मुद्दाम अवघड, जुनी, आजालाच येत असेल अशी. रांग अडखळली. शेवटचा आवाज अडखळला नाही. तेव्हा कुठे काका वळला, रांगेपुढून चालत शेवटपर्यंत गेला आणि दादाची हनुवटी धरून वर केली.

"गावला," तो म्हणाला.

फक्त एवढंच. सगळा गाव ओरडला, मृदंग आजाच्या हातात राहीना, कंडक्टर शिट्टी वाजवायला लागला. सरांनी वर्गात सांगितलं होतं की तोंड शिवलेलं एकच असतं, पण बघणाऱ्याला ते कधी हसताना दिसतं, कधी रडताना, आणि मला ते तेव्हा पुस्तकी वाटलं होतं. मी काकापासून पाच हातांवर होते. ते पांढऱ्या दोऱ्याचे दात होते तसेच होते. आत तो हसत होता की रडत होता ते मला आजतागायत माहीत नाही. दादाचं मात्र दिसत होतं, त्याने काही चढवलं नव्हतं.

साडेपाचची गाडी त्या दिवशी पावणेसातला सुटली.